दुबईची संध्याकाळची डेझर्ट सफारी: सहा जण, एक कंबरदुखी, एक अडीच वर्षांचं पोर

शेवंता
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुबईला चाललोय, मुक्काम देरा भागात. आम्ही दोघं, सासूबाई-सासरे, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. एक संध्याकाळ वाळवंटासाठी राखून ठेवलीय. पण चौकशी करावी तितका गोंधळ वाढतोय. कुणी माणशी शंभर-सव्वाशे दिरहॅम सांगतो, कुणी त्याच्या पाचपट, आणि फोटो मात्र सगळ्यांचे तेच: लाल वाळू, उंट, गोल फिरणारा नाच.

सासऱ्यांच्या कंबरेत चकती सरकलेली आहे, त्यांना धक्के चालत नाहीत. सासूबाई शुद्ध शाकाहारी, शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार करतात. मुलीला गाडीत मळमळतं. तर:
१) सगळ्यांनी एकत्र जाणं शक्य आहे का, की दोघातिघांनी हॉटेलवरच थांबावं?
२) स्वस्त आणि महाग सफारीत नक्की फरक कशाचा?
३) वेळेचं गणित काय? आमचं परतीचं विमान शेवटच्या दिवशी रात्री सव्वाबाराचं आहे, त्याच संध्याकाळी सफारी बसेल का?

खजूर
तिसऱ्याचं उत्तर आधी: नाही बसणार. सफारीची गाडी हॉटेलवर परत सोडते ती साधारण नऊ ते साडेनऊला, शेअरिंगमध्ये तुमचं हॉटेल शेवटी आलं तर दहा. सव्वाबाराच्या विमानाला तुम्ही तेव्हा विमानतळावर हवेत, आणि बुटात, केसांत, कानांत वाळू घेऊन विमानात बसायचं सुख वेगळंच. आधीच्या एखाद्या दिवशी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ‘संध्याकाळची सफारी’ म्हणून जे विकतात त्यात दोन वेगळे भाग असतात. पहिला ड्यून बॅशिंग, म्हणजे फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) गाडी वाळूच्या टेकड्यांवरून वरखाली नेणं. हा भाग जेमतेम वीस ते चाळीस मिनिटांचा. दुसरा कॅम्प: उंट, मेंदी, नाच, जेवण. हा अडीच-तीन तासांचा. कंबर, मान, हृदय, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन आणि लहान मूल, या सगळ्यांची अडचण फक्त पहिल्या भागात आहे. तेव्हा हॉटेलवर कुणीच थांबायचं कारण नाही. बुकिंग करतानाच सांगायचं की तीन जण ड्यून बॅशिंग करणार, तीन जण थेट कॅम्पवर जाणार.

मात्र पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका: ‘कॅम्पच्या दारापर्यंत साधी गाडी जाते का?’ काही कॅम्प डांबरी रस्त्यापासून कच्च्या पण टणक वाटेवर असतात, तिथे साधी गाडी पोचते. काही वाळूच्या आत असतात, तिथे शेवटचा तुकडा फोर बाय फोरनेच जावं लागतं. तो तुकडा हळू नेला तरी हेलकावे बसतातच. सासऱ्यांसाठी पहिल्या प्रकारचा कॅम्प बघा.

मुलाचं म्हणाल तर अडीच वर्षांच्या मुलाला ड्यून बॅशिंगला घेणारा ऑपरेटर भेटला तर तोच नाकारा. वाळूत गाडी एका बाजूला कलते तेव्हा मांडीवरचं मूल धरून ठेवणं कुणाच्याही हातात नसतं. शिवाय रस्त्यावरच्या प्रवासालाही यूएईच्या कायद्याप्रमाणे चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चाइल्ड सीट लागते. ती आधी मागून ठेवा, ऐनवेळी ‘गाडीत नाही’ हे उत्तर ठरलेलं. मुलगी नऊची, म्हणजे तिला पुढची सीट मिळणार नाही: दहा वर्षांखालच्या मुलांना पुढे बसवता येत नाही.

मुलीच्या मळमळीचं थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्म्या लोकांची संध्याकाळ त्यातच वाया जाते. या गाड्यांत बहुधा पाहुण्यांच्या सहा जागा: एक पुढे, तीन मधे, दोन सगळ्यात मागे. मागची रांग मागच्या चाकांच्या जवळजवळ डोक्यावर असते आणि गाडी टेकडीवरून खाली नाक करते तेव्हा सगळ्यात जास्त उसळते ती तीच. मुलीला मधल्या रांगेत मधोमध बसवा, म्हणजे समोरच्या काचेतून क्षितिज दिसतं. मोबाइल हातात नको. खरी मळमळ व्हिडिओ काढताना सुरू होते, कारण डोळे स्थिर पडद्यावर आणि शरीर हेलकाव्यात. दुपारचं जेवण बारा-साडेबारापर्यंत आटोपतं, हलकं. अगदी उपाशी पोटीही नको. गोळी द्यायची तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, आणि टेकड्या सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी यायला लागल्यावर गोळीचा उपयोग नसतो.

आणि ड्रायव्हरला गाडी वाळूत शिरण्याआधी सांगा की हळू न्या. प्रत्येक ड्रायव्हरची ‘फॅमिली’ आणि ‘जोरदार’ अशी दोन रूपं असतात. पण शेअरिंग गाडीत बाकी चौघं ‘और तेज’ म्हणून ओरडत असतील तर तुमचं कोण ऐकणार? तुमच्यासारख्या कुटुंबाने पूर्ण गाडी घ्यावी ती याचसाठी.

देराकर
खजूर यांच्या उत्तरात वेळापत्रकाची भर.

डिसेंबरच्या मध्याला दुबईत सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो (जूनअखेर हाच सूर्य सव्वासातला जातो, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतल्या वेळा उचलू नका). उलट मोजत या: सूर्यास्त साडेपाच, त्याआधी फोटोसाठी वीस मिनिटं, त्याआधी टेकड्या अर्धा तास, त्याआधी टायरची हवा कमी करायचा थांबा वीस ते तीस मिनिटं, त्याआधी देराहून लहबाबपर्यंत (बहुतेक सफाऱ्यांचं लाल वाळूचं ठिकाण) पाऊण तास ते तास. म्हणजे गाडी तुमच्या दारातून तीनच्या सुमारास निघायला हवी. ‘पिकअप साडेतीन ते चार’ असं डिसेंबरात कुणी सांगत असेल तर टेकड्या अंधारात किंवा सूर्यास्त गाडीच्या काचेतून, दोन्हीपैकी एक नक्की. शेअरिंगमध्ये आणखी चार हॉटेलं घ्यायची असतात हेही धरा.

वार कुठला? २०२२ पासून यूएईत आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शुक्रवारी दुपारी शहराबाहेर पडणारे रस्ते तुंबतात आणि शनिवारी कॅम्प. सोमवार ते बुधवार बघा. गुरुवारही बरा असतो, पण तुमच्याकडे मार्गशीर्ष आहे.

ते जे ‘टायरची हवा कमी करायचा थांबा’ म्हटलं ना, तिथे खरं तर दुकानं असतात. ड्रायव्हर हवा काढत असताना कुणीतरी प्रेमाने तुमच्या डोक्याला रुमाल बांधून देतो, फोटो काढून देतो, मग किंमत सांगतो. घरून सुती ओढणी किंवा पंचा न्या, काम तेच. क्वाड बाइकही (वाळूत चालवायची चार चाकांची उघडी बाइक) इथेच गळ्यात मारतात. या थांब्यावर करायचं एकच काम: स्वच्छतागृह. पुढे कॅम्पपर्यंत सोय नाही.

थंडीला हसू नका. दिवसा २५ अंशांच्या आसपास असतं म्हणून सगळे टी-शर्टवर निघतात, आणि आठ वाजता उघड्यावर वारा सुटला की चांगलंच गार वाटतं. सासऱ्यांना कानटोपी-शाल, मुलाला पायमोजे.

जेवण: भारतीय पर्यटक इतके असतात की डाळ-भात, नान, भाजी, हमूस, सॅलड जवळपास सगळीकडे मिळतं. अडचण पदार्थांची नाही, डावांची आणि शेगडीची आहे. बार्बेक्यूच्या एकाच जाळीवर चिकन आणि पनीर-भाज्या भाजलेल्या असू शकतात. ‘शाकाहारी जेवण आहे का’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘शाकाहारी रांग आणि शेगडी वेगळी आहे का’ असं विचारा. सासूबाईंना कांदा-लसूणही चालत नसेल तर आदल्या दिवशी कळवूनही भरवसा नाही, डब्यात दशम्या असू द्या. बुफे सातच्या सुमारास उघडतो आणि पहिली दहा मिनिटं झुंबड असते. कार्यक्रम सुरू झाल्यावर उठलात तर रांग छोटी, पण तोवर नान गार.

बसायची व्यवस्था हा वयस्करांचा खरा प्रश्न, ज्याबद्दल कुणीच विचारत नाही. बहुतेक कॅम्पात गालिच्यावर बुटकी बैठक, समोर वीतभर उंचीचं टेबल. गुडघे-कंबरवाल्यांना तीन तास अशक्य. खुर्ची-टेबल मागा. काही ठिकाणी ते जादा पैसे घेऊन ‘व्हीआयपी’ म्हणून देतात, आणि तुमच्या बाबतीत हे पैसे वाया जाणार नाहीत. स्वच्छतागृह बैठकीपासून किती लांब, वाट वाळूतून आहे की फरशी घातलेली, तेही विचारून घ्या.

रानवारा
दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून.

पाचपट दर कधी रास्त असतो, कधी नुसती सजावट असते. मुख्यतः तीन गोष्टींना पैसे पडतात. गाडी पूर्ण की वाटून. कॅम्पात माणसं किती: स्वस्त कॅम्पात एका वेळी कित्येक शे माणसं असतात, महागड्यात मोजकी. आणि जागा कुठली.

जागेचं सांगतो. स्वस्त सफाऱ्या बहुतेक लहबाबकडे जातात, हत्ता रस्त्यावर. तिथली वाळू लाल दिसते कारण कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. तिरक्या उन्हात रंग खरोखर भरतो, भर दुपारी नुसता फिकट नारिंगी. टेकड्या उंच, म्हणून गाड्यांना तीच जागा आवडते. तोटा हाच की तुमच्या फोटोत मागे वीस गाड्या आणि वाळूभर चाकांचे चरे.

दुसरी जागा दुबई डेझर्ट कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह, सुमारे २२५ चौरस किलोमीटरचं कुंपण घातलेलं संरक्षित क्षेत्र. इथे मोजक्याच कंपन्यांना परवानगी, वाटा ठरलेल्या, म्हणून दर चढा. त्या बदल्यात अरबी ओरिक्स आणि गॅझेल हरणं दिसण्याची चांगली शक्यता. ओरिक्स हा पांढरा, सरळ लांब शिंगांचा प्राणी जंगलातून १९७२ च्या सुमाराला संपलाच होता, पाळीव कळपांतून वाढवून परत सोडला. टेकड्यांवर उड्या मारणं हा इथल्या सफारीचा हेतू नसतो. गाडी सावकाश चालते, मधे उतरून गाफ झाडाखाली थांबते (गाफ म्हणजे आपली शमी, राजस्थानी खेजडी, तेच झाड, यूएईचं राष्ट्रीय झाड). तुमच्या सासऱ्यांना खिडकीतून वाळवंट बघायला मिळावं असं वाटत असेल तर मी हा पर्याय घेईन आणि नाच-गाण्यावर पाणी सोडेन. तरी वाट वाळूचीच आहे, कंबरेचं ऑपरेटरला आधी सांगाच.

तिसरी जागा शारजाच्या हद्दीतली: म्लैहा आणि बदायर. म्लैहाला पुरातत्त्व केंद्र आहे, तिथला फाया परिसर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. शारजात दारूबंदी आहे, तेव्हा कॅम्पमध्ये बाटल्यांचा गोंगाट नको असेल तर हा फायदा समजा, उलट हवा असेल तर तोटा. देराहून अंतर जास्त, परत यायला उशीर.

ताऱ्यांबद्दल: कॅम्पवाले पाच मिनिटं दिवे मालवतात आणि त्याला ‘स्टार गेझिंग’ म्हणतात. लहबाबहून पश्चिमेला दुबईचा उजेड ढगासारखा दिसतो. अमावास्येच्या आसपासची तारीख घेतली आणि पूर्वेकडे तोंड करून बसलात तर मृग नक्षत्र डिसेंबरात जेवणाच्या सुमाराला क्षितिजावरून वर येत असतं. मुलीला दाखवा.

एका मुद्द्यावर खजूर यांच्याशी मतभेद. पूर्ण गाडी सगळ्यांनाच लागते असं नाही. दोन तरुण माणसं असतील तर शेअरिंग उत्तम. पण शेवंताताई, तुम्हाला पूर्ण गाडीच. सहा तिकिटं शेअरिंगची आणि एक पूर्ण गाडी, हिशोब करून बघा, फरक वाटतो तेवढा नसतो.

देराकर
पैशाबद्दल दोन ओळी राहिल्या. दर विचारताना पाच टक्के व्हॅट धरून आहे का ते विचारा. पाणी, चहा, गहवा (वेलदोड्याची अरबी कॉफी), खजूर, उंटावरची एक छोटी फेरी, मेंदीची एक छोटी नक्षी हे बहुधा धरलेलं असतं. क्वाड, हातावर ससाणा घेऊन फोटो, मोठी मेंदी आणि कॅम्पच्या फोटोग्राफरच्या प्रती हे बहुधा नाही. शीशा (हुक्का) काही ठिकाणी धरलेला, काही ठिकाणी नाही. कार्डाने पैसे देताना मशीन ‘रुपयांत की दिरहॅममध्ये’ विचारतं, दिरहॅमच निवडा, नाहीतर मशीनवाल्याच्या दराने रुपये कापले जातात.

शेवंता
सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. अजून तीन शंका. ह्यांना क्वाड बाइक चालवायचीच आहे. हवा का काढतात, टायर फुटत नाही का? आणि उंटावर मुलीला बसवावं का?

खजूर
हवा. डांबरावर टायरमध्ये ३५ पीएसआयच्या आसपास दाब असतो. वाळूत शिरताना तो पंधरा ते अठरापर्यंत आणतात. दाब अर्धा केला की टायर खाली चपटा होऊन जमिनीला टेकलेला भाग जवळजवळ दुप्पट होतो, तेवढंच वजन दुप्पट जागेवर पसरतं आणि चाक रुतायच्या ऐवजी वर तरंगतं. उंटाचा पाय पसरट असतो तीच युक्ती. फुटत नाही, पण एक वेगळा घोळ होतो. इतक्या कमी हवेत चाक वेगात कचकन वळवलं तर टायरची कड रिममधून निसटते, फुस्स. मग जॅक लावायचा (खाली फळी, नाहीतर जॅकच वाळूत जातो), कडेतली वाळू झटकायची आणि परत हवा भरायची. पंधरा-वीस मिनिटं गेली. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे गाडी टेकडीच्या माथ्यावर पोटावर बसते, चारी चाकं निकामी. अशा वेळी ड्रायव्हर जास्त रेस देत नाही ते बरोबरच, चाक नुसतं फिरलं की खड्डा खोल होतो. तो दुसऱ्या गाडीला पट्टा लावून ओढून घेतो. म्हणूनच गाड्या ताफ्याने जातात. एकटीच गाडी वाळूत नेणारा ऑपरेटर नको. तुम्हाला उतरायला सांगितलं तर गाडीच्या चढाकडच्या बाजूला उभं राहा, आणि ओढण्याच्या पट्ट्याच्या रेषेत कुणीही थांबू नका.

परतताना डांबरावर येण्याआधी पुन्हा हवा भरतात, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. कुरकुर करू नका. मऊ टायरवर शंभरच्या वेगाने जाणं हे टेकड्यांपेक्षा धोक्याचं आहे.

क्वाड. वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब आणि बऱ्यापैकी टणक असते, आडोशाची बाजू ३२ ते ३४ अंशांची, भुसभुशीत. अपघात दोन ठिकाणी होतात. आडोशाच्या उतारावर तिरकं गेलं की क्वाड कलंडते आणि चालवणारा तिच्याखाली येतो, त्यामुळे उतरायचं तर नाक सरळ खाली. आणि माथ्यावर वेगात गेलं की पलीकडे काय आहे ते दिसत नाही, कधी उतार, कधी समोरून येणारी दुसरी क्वाड. उंच काठीवर झेंडा लावतात तो याच कारणासाठी. झेंडा नसलेली क्वाड घेऊ नका. हेल्मेट डोक्याला घट्ट बसायला हवं, पूर्ण बूट हवेत, आणि मुलीला मागे बसवायचं नाही, अजिबात. सपाट, बंदिस्त रिंगणात वीस मिनिटं मिळाली तरी हौस भागते. खुल्या टेकड्यांवरच जायचं असेल तर बग्गी (वाळूत चालवायची छोटी उघडी मोटार) बरी, तिला वर लोखंडी सांगाडा आणि पट्टे असतात. पैसे देण्याआधी वाचा: गाडीचं नुकसान झालं तर भरपाई कुणाची.

रानवारा
उंट: बसवा, तिच्यामागे मोठं माणूस हवं. फेरी दोन-तीन मिनिटांची असते, गंमत आणि धोका दोन्ही उठण्या-बसण्यात. उठताना उंट आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, परत पुढेच. दोन्ही वेळा खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरून पाठ मागे टाकायची. सासऱ्यांनी उंटाजवळ फोटो काढावा, वर चढू नये. मुलाला तोंडासमोर नेऊ नका.

तंबूत बसलेल्या अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे, न विचारता फोटो काढायचे नाहीत, तिथे तो कायद्याचा विषय आहे. ड्रोन परवान्याशिवाय नको. आणि वाळूत लेन्स बदलू नका. मोबाइल साध्या झिपच्या पिशवीत ठेवलात तर चार्जिंगच्या भोकात वाळू जात नाही. गेलीच तर टाचणीने कोरू नका, उलटा धरून मऊ ब्रशने झटका.

देराकर
विषय निघालाच आहे सामानाचा तर: डब्यात दशम्या म्हटलं, पण अनारसे नका नेऊ. यूएईत खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत येते, विमानतळावरच पंचाईत. खोकल्याच्या किंवा दुखण्याच्या औषधांत कोडीन, ट्रामाडोल असेल तर त्यालाही आधी परवानगी लागते. सासऱ्यांच्या कंबरेच्या गोळ्यांची पाकिटं एकदा वाचून घ्या.

शेवंता
बरं झालं सांगितलंत, अनारशांचा बेत खरंच होता. आता ऑपरेटरला हे पाठवतेय: मंगळवार, पूर्ण गाडी, पिकअप पावणेतीन, चाइल्ड सीट एक. तिघं टेकड्यांवर, तिघं थेट कॅम्पवर. खुर्ची-टेबल सहा जणांचं. शाकाहारी शेगडी वेगळी. व्हॅटसह रक्कम लेखी. काही राहिलं?

खजूर
एकच. तिघं थेट कॅम्पवर जाणार ते कुठल्या गाडीने, हे त्यात नाही. पूर्ण गाडी एक घेतलीत तर ती आधी सासऱ्यांना कॅम्पवर सोडून मग टेकड्यांवर जाईल, म्हणजे तुमचा सूर्यास्त बुडेल आणि ते चार वाजल्यापासून रिकाम्या कॅम्पमध्ये उन्हात बसतील. त्यांच्यासाठी दुसरी साधी गाडी मागा, देराहून चारला निघणारी, कॅम्पवर पाच-सव्वापाचला पोचणारी. चाइल्ड सीट त्या गाडीत, तुमच्या नाही.